गोळीनं काळं पडलेलं तीर्थ

महाराजांनी सरकारी दवाखान्यातली रक्तवाढीची गोळी दोन बोटांत धरून गर्दीला फिरवून दाखवली, खलात तिचा चुरा केला आणि तो तीर्थाच्या ग्लासात सोडला. बघता बघता पिवळसर तीर्थ शाईसारखं काळं झालं. बाया हात जोडून पुढे सरकल्या. आष्टीजवळच्या त्या खेड्यात या बाबाला ग्लासवाले महाराज म्हणत. हिमालयातून आलो असं ते सांगत; तो सोडून त्यांना हाच तालुका का आठवला, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं.

"देखो माताओं, ये ताकत की गोली नहीं, जहर है. ही खाल्ली की परसाकडे काळं होतं का नाही, बोलो?"

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. होत होतं खरं. मग महाराजांनी झोळीतून स्वतःची 'शक्तिवटी' काढली. राख आणि गूळ, दुसरं काही नाही. पण ती घ्यायला झुंबड उडाली.

१९७८ सालचा तो हिवाळा. मी पुलगावच्या शाळेतला मास्तर, धाकट्या बहिणीला, कोकिळाला, भेटायला आलो होतो. तिला सातवा महिना होता. मला बघून ती उठायला गेली आणि भिंत धरून खाली बसली. तिची खालची पापणी ओढून पाहिली, तर आत लाली नव्हतीच. नर्सबाईने दिलेल्या रक्तवाढीच्या गोळ्या सासूने, अनुसयाबाईंनी, उकिरड्यावर फेकल्या होत्या.

"पहिलं पोरगं पोटातच गेलं, गुरुजी," त्या म्हणाल्या. "हेही गेलं त मी काय करू? महाराजानं डोयासमोर दाखवलं. जहर कसं चारू तिले?"

मला संताप आला होता. पण बाई वाईट नव्हती, नातवंडासाठी जीव मुठीत धरून बसली होती. मी अनुसयाबाईंना आणि कोकिळाच्या नवऱ्याला, श्रावणला, घेऊन महाराज बसत त्या पारावर गेलो आणि तीर्थ मागितलं. जिभेवर ठेवताच तोंड तुरट झालं. हिरडा! खोकला झाला की आई हाच चघळायला लावायची.

"श्रावणराव, तुमचा गंजका विळा आणा. आणि एक ग्लास विहिरीचं पाणी."

विळ्याचं टोक तीर्थात बुडवलं आणि उकिरड्यावरून उचलून आणलेल्या गोळीचा चुरा विहिरीच्या पाण्यात टाकला.

"ये तीर्थ का अपमान है," महाराज उठले. गावातल्या म्हाताऱ्या किसनरावांनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. "बसा ना महाराज. पाहून राह्यलो आम्ही."

विडी संपेपर्यंत विळ्याचं तीर्थ काळं पडलं. गोळीचं पाणी नुसतं गढूळ झालं, काळं नाही.

"काऊन महाराज, विळ्यातही जहर हाय काय?" मी विचारलं. मग लोकांकडे वळलो. "हे हिरड्याचं पाणी आहे. त्यात लोखंड गेलं की ते काळं पडतं. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो, तसंच. गोळीत लोहच आहे, कारण रक्ताले तेच लागते. अंगी न लागलेलं लोह बाहेर पडते, म्हणून परसाकडे काळं होते. रोग नाई, जहर नाई."

गर्दी जाब विचारायला महाराजांच्या झोळीभोवती दाटली. अनुसयाबाई तिकडे गेल्या नाहीत. त्यांनी माझी बाही धरली.

"म्हणजे मी औषध फेकलं?"

"हो."

"आता उशीर त नाई झाला?"

मला खोटं बोलता आलं असतं. "मले माहीत नाई. गाडी जुंपा, आष्टीहून मोटारीनं सेवाग्रामच्या दवाखान्यात नेऊ."

सेवाग्रामला रक्त चढवल्यावर कोकिळा वाचली. बाळ वाचलं नाही. अनुसयाबाई दवाखान्याच्या ओट्यावर पदर तोंडात कोंबून बसल्या होत्या, आणि मला त्यांच्याशेजारी बसण्यापलीकडे काही करता आलं नाही.

लोहाच्या गोळीत, डाळीत, पालेभाजीत चमत्कार नसतो. हे सगळं रोज पोटात जावं लागतं, एवढंच. आणि कोणी चमत्कार दाखवू लागला, तर हात जोडण्याआधी त्याला सांगा की याच पाण्यात आम्ही दुसरी वस्तू टाकून बघतो. जो नको म्हणेल, त्याच्या भरवशावर आपली लेकरं सोडू नका.