जनकाबाईचा नारळ

सुलतानपूरच्या पारावर त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. आठवडाभरात गावातल्या चार म्हशी दगावल्या होत्या, आणि करणी कुणी केली ते शोधायला बाहेरगावचा एक महाराज आला होता. घरटी एक नारळ तो आपल्या पोत्यातून काढून द्यायचा. त्यावर ज्याने-त्याने गडव्यातलं पाणी शिंपडायचं. ज्याचा नारळ पेटेल तो दोषी.

"अग्नी झूठ बोलत नाही!" महाराज गरजला. "बारा वर्सं एका पायावर उभा राह्यलो, तवा हे विद्या भेटली!" मोटारसायकलवर मात्र तो दोन्ही पाय टाकून आरामात आला होता, पण ते कोण बघतंय?

निवृत्ती सरांची पाळी आली. गावच्या शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस, तरी पाणी शिंपडताना त्यांनी डोळे मिटून घेतले. नारळ पेटला नाही आणि सरांचा जीव भांड्यात पडला.

मग जनकाबाई पुढे आली. एका नातीशिवाय तिला कुणी नव्हतं. "तुले सगळं दिसते, तं माहं नाव काऊन इचारतं?" असं तिने आदल्या दिवशी महाराजाला चारचौघांत सुनावलं होतं. तिचा नारळ त्याने पोत्याच्या तळातून शोधून काढला. तिने पाणी शिंपडलं आणि शेंडीतून भपकन पिवळा जाळ उठला.

"पेटला वो, पेटला!" लोक ओरडले. शनिवारपर्यंत गाव सोड, असं महाराजाने तिला बजावलं.

जाळाबरोबर रॉकेलचा वास आला होता. शाळेच्या कपाटातला तो वास सरांनी ओळखला. काय घडलं ते त्यांना तिथेच समजलं. आणि ते खाली मान घालून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दहावीच्या वर्गात जनकाबाईची नात प्रेरणा बाकावर एकटी होती. शेजारच्या पोरी मागे जाऊन बसल्या होत्या. सरांनी फळ्यावर सोडियमच्या कक्षा काढल्या. दोन, आठ, एक.

प्रेरणा उभी राहिली. "सर, सोडियम रॉकेलातच काऊन ठेवतात? आम्ही तं कधी पाह्यलंच नाही."

शाळा-तपासणीत दाखवण्यापुरती कपाटात जपलेली सोडियमची बाटली सरांनी वर्गात कधी उघडलीच नव्हती. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पोरीच्या नजरेला नजर देता येईना.

संध्याकाळी ते पारावर गेले; महाराजाभोवती गर्दी जमलेलीच होती. सर्वांसमोर बाटलीतला हरभऱ्याएवढा तुकडा चिमट्याने नारळाच्या शेंडीत ठेवला आणि शाळेच्या टाकीतलं पाणी पुढे केलं.

"महाराज, तुमीच शिंपडा."

महाराज दोन पावलं मागे सरला. "आज... आज तिथी बराबर नाही."

सरांनी स्वतःच शिंपडलं. तसाच पिवळा जाळ उठला.

"आता मलेही गावातून काढता का?" सर म्हणाले. "हा सोडियम धातू हाय. हवा-पाणी लागू नये म्हणून याले रॉकेलात बुडवून ठेवतात. याच्या अणूत इलेक्ट्रॉन तीन कक्षांत राह्यतात. आत दोन, मंग आठ, बाहेर एकच. बाहेरच्या कक्षेत आठ झाले की हा अणू स्थिर. म्हणून तो एकटा देऊन टाकाची याले घाई; तो गेला की आतले आठच बाहेरचे. पाण्याची गाठ पडली की देते, हायड्रोजन वायू निघते, अन् गरमीनं पेटते. तुमच्या घरच्या मिठातही सोडियमच हाय. पण तिथं त्यानं तो एक, बाहेर सातच असलेल्या क्लोरिनले देऊन टाकला, दोघांचेही आठ झाले. म्हणून मीठ कितीही भिजवा, पेटत नाही."

ज्याची एक म्हैस मेली होती त्या देवानंदने महाराजाचं पोतं उलटं केलं. तळातून रॉकेलची छोटी बाटली निघाली, आत तसेच धातूचे तुकडे बुडवलेले. महाराज मोटारसायकलकडे पळाला, पण लोकांनी त्याला धरलं आणि पोलिसांना फोन लावला.

"अन् म्हशींसाठी डॉक्टर कोनं बलावला?" सरांनी विचारलं. देवानंदने मान खाली घातली.

मग सरांसाठी टाळ्या पडल्या. जनकाबाईने मात्र टाळी वाजवली नाही.

"सर, काल तुमाले हे मालूम होतं?"

"हो, जनकाबाई."

"मंग?"

"भ्यालो. माहा नारळ पेटला नाही, यातच खूश झालो." सर लोकांकडे वळले. "नारळ पेटला तं पाया पडू नका, आत काय हाय ते पाहा. अन् ज्याले समजते, त्यानं तिथंच बोला. मी एक दिवस गप राह्यलो, तो दिवस या बाईनं भोगला."

जनकाबाईने शेजारी उभ्या असलेल्या प्रेरणाचा हात धरला आणि घराची वाट धरली. लोकांनी बाजूला होऊन तिला वाट दिली, आणि वर बघायची हिंमत कुणालाच झाली नाही.