दोरभर हद्द

सुलक्षणाच्या मालिकेतल्या हवालदाराच्या कमरेला कायम एक दोरी बांधलेली असे. दोरीचं दुसरं टोक चौकीच्या खांबाला. जळगाव आणि धुळे वाढत वाढत एकमेकांत शिरली आहेत, मधली वावरं संपली आहेत, आणि त्या थोराड शहरावर एवढा धूर साचलाय की माणसाला स्वतःचाच पसरलेला हात दिसत नाही, असा तो शतकाच्या शेवटचा काळ. अशा शहरात गस्तीला गेलेला पोलीस परत यायचा तर दोरी हवीच. आणि एकदा दोरी आली की बाकीचं आपोआप येतं. दोरी पोचेल तेवढी चौकीची हद्द. चोराने फक्त एक पाऊल पलीकडे उभं राहायचं. दोन चौक्यांच्या दोऱ्या एकमेकींत गुंतल्या तर गाठ सुटेपर्यंत गुन्हा नोंदवायचा नाही.

एक गोष्ट खरी मानली की तिच्या मागून काय काय यायलाच हवं, हे शोधण्यात सुलक्षणाला मजा वाटे. एम.एस्सी.ला असताना तिने शहरातल्या धुळीवर प्रबंध लिहिला होता; तो दोन परीक्षकांनी वाचला, त्यातल्या एकाने बहुधा अर्धाच. ‘दोरभर हद्द’ मात्र साक्रीपासून बोदवडपर्यंत लोक मोबाईलवर बघत आणि खाली भांडत. तिच्या शहरात डोळ्यांची साक्ष कोर्टात चालत नसे, कारण कुणी काही पाहिलेलंच नसे. साक्ष चाले ती नाकाची. ‘आरोपीला लसणाचा वास होता, साहेब, पण गावरान लसणाचा,’ असं साक्षीदार शपथेवर सांगत. सगळ्यात मोठा गुन्हेगार होता कुकरवाला. तो सातपुड्याची हवा कुकरमध्ये भरून आणी आणि चोरून विके; एका शिट्टीला एक श्वास. कुकरवाला आजवर कुणाला दिसला नव्हता. फक्त शिट्टी ऐकू येई. हे लोकांना फार आवडलं होतं. खरं कारण एवढंच, की त्या भूमिकेला माणूस मिळाला नव्हता आणि शिट्टी अभिमनच्या आईच्या कुकरची होती.

अभिमन कॅमेरा सांभाळी. आणि हवालदार तोताराम व्हायचा हिलाल.

मालिका चालली ती हिलालमुळे, हे सुलक्षणाला ठाऊक होतं. त्याला हसवता येत असे असं नाही. त्याला अतिशय गंभीर राहता येत असे. नियम कितीही वेडगळ असो, हिलालचा तोताराम तो मनापासून पाळी. दोरी संपली की कमरेला हिसका बसे, तो थांबे, पुढच्या धुराकडे बघे आणि म्हणे, ‘हद्द संपली.’ लग्नांत, बसमध्ये, क्रिकेटच्या मैदानावर पोरं आता तेच म्हणू लागली होती.

मग जानेवारीत हिलालची पोलिसात निवड झाली. खऱ्या.

चार वर्षं तो पहाटे उठून धावत होता, त्यामुळे आश्चर्य असं कुणाला वाटलं नाही. पण हजर व्हायची तारीख अचानक आली, आणि वर्दी अंगावर चढल्यावर पोलिसाची नक्कल करता येणार नव्हती. उद्या सकाळी त्याला धुळ्याला जायचं होतं. शेवटच्या भागाचं शेवटचं दृश्य अजून घ्यायचं होतं. म्हणजे आज.

दृश्य साधं होतं. कुकरवाल्याची शिट्टी हद्दीपलीकडून येते. तोताराम दोरीच्या टोकाशी पोचतो, हिसका बसतो. तो ‘हद्द संपली’ म्हणत नाही. पहिल्यांदाच कमरेची गाठ सोडतो, दोरी जमिनीवर ठेवतो आणि धुरात चालत जातो. दिसेनासा होतो. संपलं.

आधीचे भाग त्यांनी एका बंद गोदामात लोबान जाळून केले होते. पण चालत चालत दिसेनासं व्हायला मैदान लागतं, आणि मैदानात धूर टिकत नाही. त्यावर सुलक्षणाने विचार केला होता. थंडीत सूर्य कलला की जमीन भराभर गार होते, तिला टेकलेली हवाही गार होते, आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं, कढईवर ताट ठेवावं तसं. त्या वेळी सखल जागेत धूर केला तर तो वर न जाता आडवा पसरतो. अशी जागा हिलालच्या मामांच्या, भिकन नानांच्या वावरात होती, पारोळा रस्त्यापासून आत, नाल्याला लागून. नानांनी यंदाची कपाशी नुकतीच उपटली होती. काड्यांचा ढीग बांधावर तयार होता. सुलक्षणाने दुपारीच निम्म्या काड्यांवर पाणी मारून ठेवलं, म्हणजे जाळ कमी आणि धूर जास्त.

“मॅडमनी धुराचाही अभ्यास केलाय,” अभिमन म्हणाला. “आता धूर नापास झाला तर त्याचा दोष.”

“तू फक्त फोकस सांभाळ,” सुलक्षणा म्हणाली. “गेल्या खेपेला तोतारामच्या ऐवजी खांब स्पष्ट आला होता.”

“खांबाने काम चांगलं केलं होतं,” हिलाल म्हणाला. तो खाकी शर्टावर दोरी बांधून घेत होता; दुसरं टोक बांधाशी रोवलेल्या खांबाला होतं. तोंडाला जुन्या पंपाची रबरी नळी लावलेला मुखवटा त्याने कपाळावर सरकवला होता. उद्याचं तो काही बोलत नव्हता. तीही बोलत नव्हती.

सूर्य बाभळींच्या शेंड्याला लागला तेव्हा त्यांनी काड्या पेटवल्या. धूर वर गेला, जरा घुटमळला, आणि मग खरंच आडवा झाला. पांढरा, दाट, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत. सुलक्षणाने नकळत अभिमनचा दंड धरला.

“कॅमेरा हलतोय,” अभिमन म्हणाला.

हिलालने मुखवटा ओढला, दोरी ताणत चालू लागला. टोकाशी पोचायच्या आत धुरातून एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले. डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, हातात कांद्याच्या पातीची जुडी.

“धूरना वास उना म्हनीसन उनूत,” ते अहिराणीत म्हणाले; ते वासावरच आले होते. “भरीत शे ना?”

त्यांच्या मागून दोन बायका आल्या. एकीच्या डोक्यावर झाकलेली टोपली. त्यांच्या मागून एक मोटारसायकल बांधावर थांबली आणि तिच्यावरून तिघे उतरले. एकाने बगलेत मुळे धरले होते.

सुलक्षणाने वाऱ्याची दिशा पाहिली होती. हवेतली ओल पाहिली होती, सूर्यास्ताची वेळ पाहिली होती. पण जानेवारीच्या संध्याकाळी वावरात कपाशीच्या काड्यांचा धूर उठला की खानदेशात त्याचा एकच अर्थ होतो, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. ती स्वतः जन्मापासून काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत खात आली होती. आणि असल्या भरिताला कुणी आमंत्रण देत नाही. ज्याला वास येतो तो जवळ असेल ते घेऊन येतो. तिने धूर जमिनीलगत पसरेल याची एवढी काळजी घेतली होती की तो थेट गावापर्यंत पसरला होता.

भिकन नाना पुढे झाले. “तात्या, हाऊ पिच्चरना धूर शे, भरीतना नही.”

“धूरले काय समजस, तो कोना शे?” म्हातारे तात्या म्हणाले आणि जुडी खाली ठेवून खाली बसले.

आणखी माणसं येत होती. नानांनी एकदा आगीकडे पाहिलं, एकदा सुलक्षणाकडे. त्यांची अडचण तिला दिसत होती. तेवढ्यात नानांची बायको, प्रमिला अक्का, घराकडून तरातरा आली.

“बठ्ठा गाव उना,” जमलेल्या गावाकडे हात करत ती नवऱ्याला म्हणाली, “नि तुम्ही काय धूर वाढशात का?”

“आते काय करू मी?”

“वांगा तोडा!”

नानांनी सुलक्षणाला बाजूला घेतलं. “हे बघ बेटा,” ते तिच्यासाठी शहरी मराठीत म्हणाले, “तुझं काम मोडायचं नाही मला. पण मना वावरमातीन आजवर कोनी उपाशी गया नही.” शेवटचं वाक्य काही त्यांना शहरी करता आलं नाही.

बांधाच्या कडेला वांग्यांच्या चार ओळी होत्या. हिरवी, लांबट, भरिताचीच. मोटारसायकलवाले आपण होऊन तोडायला गेले. अक्काने आगीपाशी येऊन एक काडी उचलली आणि बोटांनी दाबली.

“काड्या वल्या कोनी कऱ्यात?”

अभिमनने नजरेनेच सुलक्षणाला पकडून दिलं.

“वं माय,” अक्का म्हणाली, आता रागावून नाही, कीव करून. “वल्या काड्यावर वांगं कडू व्हई जास.”

तिने ओल्या काड्या ओढून बाजूला टाकल्या, कोरड्या घातल्या आणि लांब काठीने ढीग उचकटला. भक्कन जाळ झाला. धूर गेला. दोन मिनिटांपूर्वी जिथे शतकाच्या शेवटचं शहर होतं तिथे नाला दिसू लागला, नाल्यापलीकडे मोबाईलचा टॉवर, आणि मधोमध कमरेला दोरी आणि तोंडाला पंपाची नळी लावून उभा असलेला हिलाल.

“कोन शे हाऊ?” तात्यांनी विचारलं.

“सरकारी मानूस,” अभिमन म्हणाला.

सूर्य बाभळींच्या मध्यावर आला होता. सुलक्षणा आगीपाशी गेली. “अक्का, फक्त पाच मिनिटं धूर हवाय. मग तुम्ही भाजा.”

“तवलोंग लोकं काय तोंड दखतीन?”

“हिलाल उद्या जातोय, अक्का. पुन्हा नाही होणार हे.”

अक्काने भाच्याकडे पाहिलं. तो जाणार हे तिला माहीत होतंच. निकालाचे पेढे तिनेच गावभर वाटले होते. “मंग उपाशी धाडशी का त्याले?” ती म्हणाली आणि पहिली वांगी जाळात ठेवली.

इथे सुलक्षणाला रडू येऊ शकलं असतं, पण तिचं लक्ष जाळाकडे गेलं. वांग्यांची सालं तडतडत होती. भाजायला किती वेळ लागेल? मोठा जाळ, पातळ साल; फार नाही. नंतर खाली निखारे उरतील. निखाऱ्यांवर त्या बाजूला टाकलेल्या ओल्या काड्या घातल्या तर जाळ न होता नुसता धूर होईल. आणि तोपर्यंत जमीन आणखी गार झालेली असेल, वरचं झाकण आणखी घट्ट बसलेलं असेल. प्रश्न उजेडाचा होता. आणि माणसांचा. ती माणसं आता जागेवरून हलणार नव्हती. बायका टोपलीतून कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुऱ्या काढत होत्या, आणि पंगत बसली होती ती नेमकी तिथे, जिथे तोतारामने दिसेनासं व्हायचं होतं.

“यांना उठवता येईल?” तिने हिलालला विचारलं.

हिलालने मुखवटा वर केला. पंगतीकडे पाहिलं, मग आपल्या दोरीकडे.

“माझी हद्द तिथपर्यंत जात नाही,” तो म्हणाला.

ती हसली नाही, कारण तो बरोबर बोलला होता. दोरी पंगतीच्या पाच-सहा पावलं अलीकडे संपत होती. म्हणजे हद्दीपलीकडे ही माणसं होती. कुणालाही काही दिसत नसताना नुसत्या वासावर जमलेली. तिनेच लिहिलेल्या शहराचा नियम होता हा, आणि सबंध मालिकेत तो तिने फक्त कोर्टात वापरला होता. नाकाची साक्ष चालते तर नाकाचं आमंत्रणही चालायला हवं होतं. हे तिच्याकडून सुटलं होतं.

“अभिमन,” ती म्हणाली, “माईक तिकडे लाव. पंगतीकडे.”

“शेवट बदलतेयस?”

“शेवट तोच आहे. गाठ सोडतो आणि जातो.”

अक्काने वांगी काढून काठवटीत घेतली. बायका सालं सोलू लागल्या, कुणीतरी मिरच्या आणि लसूण ठेचायला घेतला. सुलक्षणाने दोन्ही हातांनी ओल्या काड्या उचलून निखाऱ्यांवर घातल्या. या वेळी धूर वर गेलाच नाही. जिथून निघाला तिथूनच आडवा झाला आणि नाला, टॉवर, तात्यांचं उपरणं, सगळं पुसत गेला. सूर्य तांबूस, अर्धा. पंगतीतून खोकला ऐकू आला, आणि एक शिवी.

“चल,” ती म्हणाली.

अभिमनने मोबाईलवर कुकरची शिट्टी वाजवली. हिलाल चालत गेला. दोरी ताणली, हिसका बसला, तो थांबला. गाठ त्याने स्वतः बांधली होती आणि घट्ट बांधली होती, ती सुटेना. तोतारामने गंभीरपणे मान खाली घालून नखांनी गाठ उकलली, बराच वेळ. असं काही लिहिलेलं नव्हतं. मग त्याने दोरी जमिनीवर ठेवली, कुणाची तरी वस्तू परत द्यावी तशी, आणि पुढे गेला. आधी पाय गेले, मग खाकी शर्ट, मग नळी.

कॅमेऱ्यासमोर नुसता धूर उरला. सुलक्षणा ‘कट’ म्हणायला तोंड उघडत होती. तेव्हा धुरातून अक्काचा आवाज आला.

“बठ आठे. थंडं व्हई राह्यनं.”

“हात तं धू दे, मामी.”

“सरक वं जराशी, सरकारी मानूस उना,” तात्या म्हणाले. कुणीतरी सरकलं. ताट वाजलं. पातीचा कांदा तोडल्याचा आवाज माईकमध्ये अगदी स्वच्छ आला.

सुलक्षणाने ‘कट’ म्हटलं नाही. उजेड संपून पडदा करडा झाल्यावर अभिमनने आपण होऊन कॅमेरा बंद केला.

जरा वेळाने धुरातून हिलालने हाक मारली. “पुन्हा घ्यायचंय का?”

घेता आलं नसतं. काड्या संपल्या होत्या, सूर्यही.

“नको,” ती म्हणाली.

अभिमन दोरी गुंडाळत खांबाकडे निघाला. सुलक्षणाने चपला काढल्या, बांधाशी ठेवल्या आणि आवाजांचा अंदाज घेत धुरात शिरली. समोरचं काही दिसत नव्हतं. भाजलेल्या वांग्याचा वास डाव्या हाताला होता.