पत्रातला चौथा मुद्दा

गोजरानं ओलं फडकं ओढून पापलेटांवर टाकलं.

"म्हावरा संपला," ती म्हणाली.

फडक्याखालून शेपट्या दिसत होत्या. समोर उभ्या असलेल्या नंदिनी घाटगेनं त्या पाहिल्या आणि हातातल्या रिकाम्या पिशवीची घडी घातली. आठवड्यापूर्वीपर्यंत ती महिलांच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाची प्रशिक्षक होती. दोन वर्षं ती शिबिर नसलं की रविवारी बेलापूरच्या फ्लॅटवरून दिवाळे गावच्या मासळी बाजारात यायची आणि मासे गोजराकडूनच घ्यायची. गोजराची लेक भाविका तिच्या संघात होती.

"बरं," म्हणून नंदिनी वळली.

"माजे पोरीचा पाय मोरला, नि वर म्हावरा खायाला आली," तिच्या पाठीला ऐकू जाईल अशा आवाजात गोजरा बोलली. शेजारच्या कोळणींचे कोयते थांबले.

गोजराच्या मागे पालथ्या क्रेटवर, ऑपरेशन झालेला गुडघा लांब करून भाविका बसली होती. तिनं मान वर केली नाही.

प्रशिक्षकाविरुद्ध महासंघाला दिलेल्या पत्रावर सतरा खेळाडूंच्या सह्या होत्या. मुद्दे सहा. शिवीगाळ, पक्षपात आणि असंच काही. चौथा भाविकाच्या नावानं होता : दुखापत ठाऊक असूनही खेळायला भाग पाडलं. कॅप्टन गीतांजलीनं तो वाचून दाखवला, तेव्हा भाविका अंथरुणात होती. ती काही बोलली नाही. सही मात्र केली. तीन दिवसांत नंदिनीला राजीनामा द्यावा लागला. चॅनेलवाले दिवाळे गावात आले, गोजरा कॅमेऱ्यासमोर रडली. भाविका तिच्या शेजारी गप्प बसून होती.

ज्या सामन्यात पाय मोडला, त्याच्या दोन दिवस आधीच भाविकाचा गुडघा सुजला होता. फिजिओ मैत्रीताईला तिनं शपथ घातली होती, कुणाला सांगू नका. आणि मैदानात उतरताना नंदिनीनं सगळ्यांसमोर विचारलं, तेव्हा तिनं जागच्या जागी तीन उड्या मारून दाखवल्या होत्या.

भाविकानं काठी घेतली. "कनं चालली?" गोजरानं विचारलं. ती बाजाराबाहेर निघाली.

नंदिनी रस्त्याच्या कडेला रिक्षाची वाट बघत होती.

"मॅडम."

नंदिनीनं आधी गुडघ्याकडे पाहिलं. "किती वाकतोय?"

"नव्वद डिग्रीच्या पुढे नाही जात."

"घाई करू नकोस."

"मॅडम, तो चौथा मुद्दा खोटा आहे." भाविका भरभर बोलत गेली. "मी लपवलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा उड्या मारल्या. तुम्हाला काही माहीतच नव्हतं."

नंदिनी खाडीकडे पाहत राहिली. ओहोटी होती. चिखलात होड्या कलंडल्या होत्या.

"मैत्रीनं मला आदल्या संध्याकाळीच सांगितलं होतं," ती म्हणाली.

भाविकानं काठी घट्ट धरली.

"तुझ्या जागी उभं करायला कुणी नव्हतं. वाटलं, पहिला हाफ निघेल. म्हणून सगळ्यांसमोर विचारलं. सगळ्यांसमोर तू नाही म्हणणार नाहीस, हे मला माहीत होतं." तिनं येणाऱ्या रिक्षाला हात केला. "बाकीचे पाच मुद्दे खोटे आहेत. पण त्यांना उत्तर द्यायचं, तर या चौथ्याचंही द्यावं लागलं असतं. म्हणून राजीनामा दिला."

रिक्षा आली. भाविकाच्या खांद्यावर ठेवायला उचललेला हात नंदिनीनं मागे घेतला.

"उद्या गावी, कोल्हापूरला निघतेय," ती म्हणाली आणि रिक्षात बसली.

भाविका परत आली तेव्हा गोजरापुढे एक गिऱ्हाईक सुरमई निवडत होतं.

"काय बोलली ती?"

भाविका क्रेटवर बसली नाही. उभीच राहिली.

"आये, पाय दुखत होता ते मीच लपवलेलं. तिला सांगितलंच नव्हतं."

गोजरा बघत राहिली. "मंग मी टीवीवाल्यांपुढं बोलत होती, तवा तू गप का बसली?"

भाविकानं काठी क्रेटला टेकवून ठेवली.

"नि ती? ती काय बोलली?"

भाविकानं रिक्षा गेली त्या रस्त्याकडे पाहिलं.

"काय नाय. उद्या गावाला जाते बोलली."

गिऱ्हाइकानं सुरमई पुढे केली. "तुकडे बारीक करा."

गोजरा हलली नाही. शेजारच्या सखूनं हात लांब करून मासा घेतला आणि कापायला लागली.