वरच लावलेली नोटीस

वृक्ष निरीक्षकाने शिडीवरून हात लांब करून खोड चाचपलं. खळ अजून चिकट होती. नोटीस मात्र नव्हती.

"हीसुद्धा गेली," तो उतरत म्हणाला. "आता मुदत पुन्हा पहिल्यापासून. लोकांना हरकत घ्यायची तर नोटीस झाडावर दिसायला हवी. त्याशिवाय तोडायची परवानगी नाही."

घरमालकाने कुंपणापलीकडे पाहिलं. शेजारीण कपडे वाळत घालत होती. तिच्या भिंतीला फळं काढायचा लांब आकडा टेकवलेला होता.

"म्हणूनच मी वर लावायला सांगितलं होतं," तो मुद्दाम मोठ्याने म्हणाला. "खाली लावली की काही जणांच्या हाताला खाज सुटते."

"माझी हरकत मी सही करून दिलीये, भाऊ." शेजारणीने चादर झटकली. "चोरून करायची मला गरज नाही. आधी आपल्या घरात बघा."

"घरात आहे कोण? बायको, मी आणि बाबा. त्यांना जिना उतरवत नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप."

वडील जिन्यात घसरले, तेव्हापासून त्यांना खाली आणायचं ठरलं होतं. खाली नवी खोली बांधायला जागा झाडाचीच होती. विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "तुला योग्य वाटेल ते कर."

आकडा नोटिशीच्या जागेपर्यंत पोहोचतो का, हे वरून नीट कळेल म्हणून तो जिना चढून गेला. वडील गॅलरीत नेहमीच्या खुर्चीत बसले होते. अर्ध्या गॅलरीवर झाडाची सावली होती.

"काय रे, सापडला का चोर?"

"सापडेल."

तो कठड्यावरून वाकला. शेजारणीचा आकडा कुंपणापाशीच संपला असता. खळीचा डाग मात्र कठड्यासमोरच होता, हात आणि वर एक काठी, एवढ्याच अंतरावर.

तो वळला. वडिलांची काठी खुर्चीला टेकलेली होती. तिच्या टोकाच्या रबराला कागदाचा कपटा चिकटला होता. त्यावर अर्धा शिक्का होता.

वडिलांनी पाय हळूच पुढे सरकवून काठीचं टोक झाकलं.

"तिला उगाच बोलत जाऊ नकोस," ते झाडाकडे बघत म्हणाले. "बाई चांगली आहे."

खालून निरीक्षकाने हाक मारली. "साहेब, या वेळी खाली फाटकाजवळच्या बाजूला लावू का? येता-जाता तुमची नजर राहील."

शेजारीण हातातली चादर तशीच धरून वर बघत होती.

त्याने काठी उचलली, कपटा नखाने खरवडून मुठीत घेतला आणि काठी वडिलांच्या उजव्या हाताशी ठेवली.

"नको," तो कठड्यावरून म्हणाला. "होती तिथेच लावा. वरच."