बंद न करायचं इंजिन

मी डिझेल इंजिन बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, पोटात आग नाही आणि समोर कुणी नाही. माझं कोण ऐकणार, ही शंका तर जुनीच. स्टेशनाचं नाव सांगत नाही. परळीकडचं एखादं लहानसं यार्ड समजा.

वाराणसीच्या कारखान्यात मी जन्मलो. तेव्हा माझं नवल होतं. वाफेच्या इंजिनाला पहाटेपासून कोळसा भरवून तापवावं लागे. माझ्यात नुसती हवाच इतकी दाबायची, की डिझेल सोडताच भडका उडावा. त्या जोरावर जनित्र फिरे, जनित्राच्या विजेवर चाकं. वाफेवाली भंगारात निघाली तेव्हा मला वाईट वाटलं, असं म्हणायला हवं. वाटलं नव्हतं.

एकच खोड. मला चालू करायला बॅटऱ्यांचा जोर लागतो. त्या थकल्या, तशा नव्या मागितल्या. वरून उत्तर आलं, "विजेच्या तारा आल्यात, आता याच्यावर खर्च कशाला?" मग रिवाजच पडला. काम असो-नसो, मला बंद करायचं नाही. उभ्या उभ्या धडधडत राहायचं.

पंचशीला माझी सहायक चालक, बाळंतपणाची रजा संपवून आलेली. लेकरू अंगावर पितंय, इथंच राहू द्या, असं तिनं साहेबांना विनवलं होतं. दुपारी तिची सासू केशरबाई छोट्या समाधानला घेऊन यायची. माझ्या आवाजानं तो दचकून दूध सोडायचा.

"याला गप करा की जरा," एके दिवशी केशरबाई म्हणाली.

"मावशी, ह्येला बंद करायचं नसतंय," चालक उत्तरेश्वर म्हणाले.

"कावून? मरतंय का काय?"

उत्तरेश्वर हसले आणि त्यांनी बटणाकडं हात नेला.

"सर, नका. बॅटऱ्यात दम न्हाई," पंचशीला म्हणाली.

"लेकरापरीस लई झालं का हे? पाज तू," म्हणत उत्तरेश्वरांनी मला बंद केलं.

समाधान पोटभर प्याला आणि तिथंच झोपला. तसली शांतता मीही कधी ऐकली नव्हती.

पॅसेंजरला वाट करून द्यायची वेळ झाली, तसं उत्तरेश्वरांनी मला चालू करायला घेतलं. मी कण्हलो. दुसऱ्यांदा कण्हलोसुद्धा नाही. पॅसेंजर सिग्नलबाहेर अडकून पडली.

चौकशी झाली. "बाईंच्या लेकरासाठी बंद केलं," उत्तरेश्वर म्हणाले. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. पंचशीला नको म्हणाली होती, एवढंच ते बोलले नाहीत. त्यांची निवृत्ती जवळ आली होती. पंचशीलाची बदली लांब झाली, लेकरू सासूकडंच राहिलं. वर साहेबांनी ऐकवलं, "यार्ड म्हणजे पाळणाघर आहे का?"

आता मी कडेच्या रुळावर, भंगारासाठी कापणाऱ्यांची वाट पाहतोय. केशरबाई अजून येते, बाटली घेऊन. आईच्या जागी बसलं की पोरगं दोन घोट तरी घेईल, ही तिची आशा. समाधान तोंड फिरवतो.

"पी माझ्या बाबा," ती म्हणते, "आता तर कुनीच वरडत न्हाई."

मला खुशाल कापा. फक्त बंद पडण्याचं कारण लिहाल, तेव्हा बॅटऱ्या लिहा. लेकरू लिहू नका.