न सांगता निघायचं

नदीवर नको, असं मी धाकट्या बहिणीला दहादा सांगितलं होतं. घरी ये, चार दिवस राहा, पोरीशी बोल आणि मग जा. पण ती ऐकेल तर शपथ!

"ताई, तिथे तिचं मन रमेल. पाणी आहे, वाळू आहे, बाजार आहे. मी कधी गेले ते कळणारसुद्धा नाही तिला."

धाकटीला दुसरं लग्न करायचं होतं. तो गृहस्थ म्हणाला, तू ये, पोरगी नको. असल्या माणसाच्या तोंडावर दार आपटायचं असतं. हिने दार उघडं ठेवलं आणि पोरगी मला देऊ केली. मी तिला वाटेल ते बोलले. आणि मग हो म्हणाले, कारण मला मूल हवं होतं. आमचं घर इतकी वर्षं मुलाविना होतं. एकीकडे माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती आणि दुसरीकडे आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. दोन्ही खरं. आमच्या ह्यांनी तर सलून बंद ठेवून छोट्या पलंगाला पिवळा रंग दिला.

पोरीला मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं. एवढीशी आणि तिखट म्हणून तिला सगळे मिरी म्हणायचे. नव्या फ्रॉकमध्ये ती आम्हा सगळ्यांच्या पुढे उड्या मारत चालली होती.

शहराच्या मधोमध, पुलाखाली, नदीकाठी वाळू आणून ओतली होती. पाण्यात दोरी, दोरीला लाल गोळे. त्यापलीकडे कुणी गेलं की जीवरक्षक शिट्टी फुंकायचा. मागे बाजाराच्या रांगा. चपला, आरसे, बादल्या. एक जण बटाटे सोलायचं यंत्र विकत होता आणि स्वतःचंच बोट सोलून बसला होता. हे नेहमीप्रमाणे लोकांची डोकी बघत होते.

"त्या पलीकडच्याचे केस कुणी कापलेत? विळ्याने कापल्यासारखे दिसतायत."

"गप्प बसा हो. आज तरी."

मिरी मात्र पोट धरून हसली. मला वाटलं, जमेल. येईल ही आमच्याकडे, राहील, एक दिवस मला आई म्हणेल. मला तेवढंच हवं होतं.

धाकटीने तिला बादली घेऊन दिली. वाळूत बसवलं. "फावडं आणते हं," म्हणाली आणि बाजारात शिरली. पापा घेतला नाही, मागे वळून पाहिलं नाही.

आमच्याकडे ही रीतच आहे. पोराला सांगून निघालं तर रडारड होते, म्हणून नजर चुकवून सटकायचं. आमची आई बाजारात रिबिनी विकायची, तीही अशीच सटकायची. आणि त्याच आईने आम्हाला दुसरी गोष्ट शिकवली होती: गर्दीत चुकलात तर आहात तिथेच खाली बसा, मी येईपर्यंत कुणाबरोबर हलायचं नाही, मग तो कितीही ओळखीचा असो. धाकटीने हे दोन्ही जसंच्या तसं उचललं होतं. सटकणं स्वतःसाठी, बसणं पोरीसाठी. ते एकमेकांवर आदळेल, हे ना तिच्या डोक्यात आलं ना माझ्या.

थोड्या वेळाने मिरीने मान वर केली. बाजाराकडे बघितलं. मग बादली बाजूला ठेवली आणि मांडी घालून बसली.

"चल, पाण्यात जाऊ," मी म्हटलं.

"आई चुकलीये. मी इथेच बसणार."

यांनी आइस्क्रीम आणलं. ते तिच्या हातात वितळून कोपरापर्यंत ओघळलं, पण तिने जीभ लावली नाही. ऊन उतरलं, छत्र्या मिटायला लागल्या. दुकानदार ताडपत्र्या ओढू लागले. काठ रिकामा करा, अशी कर्ण्यावरून ओरड सुरू झाली. माझा धीर सुटला. मी तिला उचललं.

"ही माझी आई नाही!" ती किंचाळली. "ही माझी आई नाही!"

माणसं जमली. जीवरक्षक धावत आला.

"कोण तुम्ही हिच्या?"

"मावशी."

"पोरगी असं का ओरडतेय मग? खाली ठेवा तिला."

मी ठेवलं. ती पुन्हा मांडी घालून बसली. हे हात जोडून लोकांना समजावत होते, पण ऐकतो कोण! एक बाई तर माझा फोटो काढत होती.

"हिच्या आईला फोन लावा," जीवरक्षक म्हणाला. "स्पीकरवर. मला ऐकू दे."

मला नाही म्हणायला हवं होतं. चार पावलं बाजूला जाते म्हणायला हवं होतं. पण तेव्हा मला फक्त त्या माणसांच्या नजरांतून सुटायचं होतं. मी फोन लावला. धाकटीने लगेच उचलला. मागे बसचं इंजिन घरघरत होतं.

"अगं, ही हलत नाहीये—" एवढंच मी म्हटलं.

"ताई, मला नको सांगूस आता. तुझी आहे ती. मी येणार नाहीये परत. ओढून ने, नाहीतर काय वाटेल ते कर, पण मला फोन करू नकोस."

फोन बंद झाला. जीवरक्षकाने मान खाली घातली. फोटोवाली बाई निघून गेली.

मिरी उठली. फ्रॉकची वाळू झटकली, मागची राहिली होती ती वळून वळून झटकली, आणि माझ्यापुढे हात केला. चिकट, आइस्क्रीमने माखलेला हात. ती रडली नाही. रडली असती तर मी तिला पोटाशी धरलं असतं; मला तेवढंच करता येत होतं.

घरी यांनी दिवा लावून पिवळा पलंग दाखवला. ती त्यावर बसली. मी दूध गरम करायला वळले.

"मावशी."

"काय गं?"

"तू जाशील ना, तेव्हा मला सांगून जा."

"मी कुठे जाणारे? स्वयंपाकघरात तर चाललेय."

"तेच," ती म्हणाली. "सांगून जा."