नववी खेप

दत्तात्रेयने एंटर जोरात दाबलं. पडद्यावर आज्ञांच्या ओळी सरसर धावल्या, चूक कुठेच दिसली नाही. प्रोग्रॅमच्या फाइलवर तारीख मात्र जुनीच राहिली, म्हणजे नवा प्रोग्रॅम बनलाच नव्हता. सकाळपासून ही नववी खेप.

दोनच्या पाळीआधी नवा प्रोग्रॅम झाला नाही, तर प्लांटला परत जुन्या मापांचं पत्रक जाणार आणि अख्खी बॅच वाया. मॅनेजर दोनदा डोकावून गेले. बायको गेल्यानंतर कामावरचा त्याचा हा पहिलाच आठवडा, म्हणून कोणी आवाज चढवत नव्हतं. त्याचाच त्याला जास्त राग येत होता.

शेजारच्या हरेशने त्याच मशीनवर आपल्या लॉगिनमधून एक छोटा नमुना बनवून पाहिला. लगेच झाला.

"मशीन बरी हाय, भाऊ. तुमच्याच लॉगिनला कायतरी झालंय."

प्रोग्रॅम जोडणारं 'मेक' आपले पर्याय लॉगिनबरोबर येणाऱ्या एका सेटिंगमधूनही उचलतं. दत्तात्रेयने ती छापून पाहिली. एकच अक्षर: एन. म्हणजे काय करणार ते नुसतं सांग, करू नको. त्याने ते पुसून तोच नमुना चालवला. झाला. खात्रीसाठी लॉगिनमधून बाहेर पडून पुन्हा आत आला. एन परत हजर.

"हे घातलं कोणी?"

त्याने लॉगिनची सुरुवातीची फाइल उघडली. तळाशी एन घालणारी ओळ होती. वर रोमन अक्षरांत टीप: 'यांना आधी बघू दे. मग मी चालवते. मृणाली.'

त्याची बायको मृणाली इथेच, त्याच्या दुसऱ्या बाजूच्या खुर्चीत बसायची. त्याने एकदा घाईत महिन्याची पत्रकं पुसली, तेव्हापासून शेवटची खेप तीच आपल्या लॉगिनमधून करायची. सकाळी पेणहून येताना वडखळला एसटी थांबायच्या आत तो दारात जायचा, तेव्हाही तिने बाही धरलेली असायची.

हरेशने वाकून वाचलं.

"ओळ काढा, भाऊ. रोज नडेल."

"व्हय."

दत्तात्रेयने फाइल होती तशी बंद केली. सेटिंग फक्त या खेपेपुरती रिकामी करणारी आज्ञा लिहिली. एंटरवर बोट ठेवलं, आणि उचललं. मघाच्या ओळी त्याने पडद्यावर परत आणल्या. बोट टेकवून एकेक वाचू लागला. सातव्या ओळीत मापांची जुनीच फाइल जोडली जात होती. ती त्याच्याच हातची चूक.

त्याने तिथे नव्या फाइलचं नाव घातलं. ओळी पुन्हा पहिल्यापासून वाचल्या.

मग एंटर दाबलं, हळू.